‘स्माइल प्लीज’च्या आधी चार प्रश्न

साल १९९३. माझा बी.ए.चा निकाल लागला आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. स्थळं म्हटली की पत्रिका आणि फोटो आलेच. आईची मोतिया रंगाची साडी नेसून, गजरा माळून मी भावासोबत गावातल्या स्टुडिओत गेले. मागे रंगवलेला धबधबा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. ‘मान जरा तिरकी, हं, स्माइल प्लीज!’ पोस्टकार्ड साइजच्या तीन प्रती मिळाल्या. आईने त्या पत्रिकेच्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्या.

पंधरा दिवसांनी बाजारात गेले तर स्टुडिओच्या काचेत मीच! चांगला हातभर मोठा केलेला, फ्रेम केलेला माझा फोटो. खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणाला बरं वाटलं. मग शेजारच्या पानटपरीवरच्या मुलांनी एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घालून घर गाठलं.

भाऊ दुकानात गेला. ‘अहो, फोटो छान आला म्हणून लावला. तुमचीच जाहिरात झाली की!’ असं उत्तर मिळालं. निगेटिव्ह मागितली तर म्हणे, ती स्टुडिओकडेच राहते. फोटो काचेतून उतरायला आठ दिवस लागले. आणि घरी? घरी बोलणी मलाच बसली. ‘पदर नीट घ्यायला काय झालं होतं? आणि एवढं हसायची काय गरज होती?’ न विचारता फोटो लावला कसा, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मलासुद्धा!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी रात्री साडेदहाला आलेला भाचीचा फोन. वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष. आवाज अगदी दबका. ‘मावशी, आईला सांगू नकोस हं.’

इन्स्टाग्रामवर एका फोटोग्राफरचा तिला मेसेज आला होता. तुझा चेहरा फोटोजेनिक आहे, तुझा पोर्टफोलिओ फुकट करून देतो, पुढे जाहिरातीत काम मिळेल. शूट गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर. कपड्यांचे तीन जोड आण, एक वेस्टर्न हवा. आणि हो, एकटीच ये, कारण ‘घरचं कुणी सोबत असलं की मुली मोकळ्या होत नाहीत’.

माझ्या तोंडावर ‘अजिबात जायचं नाही’ आलं होतं, पण गिळलं. नाही म्हटलं असतं तर पुढच्या वेळी तिने मलाही सांगितलं नसतं. मी म्हटलं, ‘अगं, फोटो काढायला काहीच हरकत नाही. फक्त त्यांना चार प्रश्न विचार. तिथे कोणकोण असणार? माझी मावशी सोबत आली तर चालेल का? कपडे कुठे बदलायचे? आणि फोटो पुढे कुठे जाणार?’

तिने ते तसेच लिहून पाठवले. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘एवढा विश्वास नसेल तर राहू दे. तुझ्यासारख्या दहा जणी रांगेत आहेत.’

भाची हिरमुसली. मी मात्र त्या रात्री निवांत झोपले. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.

मैत्रिणींनो, आजच्या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. पाच हजारांचं मिक्सर घेताना आपण गॅरंटी कार्ड मागतो, दुकानदार रागावतो का? मग स्वतःचे फोटो कुणाच्या तरी हाती सोपवताना विचारायला लाज कसली? आणि उत्तर काय मिळतं याइतकंच ते कसं मिळतं, हेही महत्त्वाचं. चांगला फोटोग्राफर प्रश्न ऐकून खूश होतो. जो चिडतो, टोमणा मारतो, घाई करतो, त्याच्याकडे कितीही भारी कॅमेरा असो, आपण चप्पल घालून बाहेर पडायचं.

पहिला प्रश्न : कोण काढणार, तिथे कोण असणार?

हल्ली फोटोची निमित्तं वाढली आहेत. बायोडाटाचा फोटो तर आहेच, शिवाय प्री-वेडिंग, डोहाळजेवण, बाळाचा पहिला वाढदिवस. कुणाला पार्लरच्या किंवा साड्यांच्या धंद्यासाठी स्वतःचा चांगला फोटो हवा असतो. फोटोग्राफर मात्र बहुतेक वेळा मोबाइलवरच सापडतो. तिथे दिसणारे फोटो त्याचेच असतील असं नाही, दुसऱ्याचे फोटो उचलून स्वतःच्या पानावर टाकणं आज फार सोपं आहे. म्हणून निवडक दहा फोटो पाहून भुलू नका. एखाद्या कार्यक्रमाचा पूर्ण अल्बम दाखवा म्हणा. दुकान कुठे आहे ते जाऊन बघा. दुकान नसेल, घरूनच काम करत असतील तरी हरकत नाही, पण मग पहिली भेट चार माणसं असतील अशा ठिकाणी घ्या. आधी काम केलेल्या दोन बायकांचे नंबर मागा आणि खरंच फोन करा. ‘फोटो कसे आले?’ एवढ्यावर थांबू नका. ‘माणूस कसा वाटला? पुन्हा बोलवाल का?’ हेही विचारा. बाई दुसऱ्या बाईला खरं काय ते सांगते. कधी नुसत्या गप्प राहण्यातूनही कळतं.

ज्याच्याशी बोललो तोच येणार का, हेही विचारून घ्या. सीझनमध्ये ऑर्डर एक घेतो आणि कॅमेरा घेऊन दुसराच येतो, असं सर्रास होतं. सोबत किती मदतनीस येणार तेही कळू द्या.

बाई फोटोग्राफर मिळाली तर अनेकींना मोकळं वाटतं. ही मागणी काही आजची नाही बरं का! राजा दीनदयाळ हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथे फोटो काढायलाही बाईच होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पडद्यातल्या बायकांना जे मागता आलं, ते आपल्याला मागायला काय हरकत आहे? तुमच्या गावात कुणी बाई फोटोग्राफर नसेल, तर नवरा-बायको मिळून काम करतात असा स्टुडिओ शोधा. तालुक्याच्या गावी असे स्टुडिओ असतात.

पोर्टफोलिओ आणि मॉडेलिंगच्या नावाखालची फसवणूक तर सगळीकडे चालते. आधी कौतुक, मग ‘सिलेक्शन झालंय’, मग रजिस्ट्रेशनचे पैसे, मग ठराविक फोटोग्राफरकडूनच महागडा पोर्टफोलिओ. एक साधा हिशोब लक्षात ठेवा. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही.

दुसरा प्रश्न : माझ्यासोबत कुणी आलं तर चालेल ना?

याचं उत्तर एकच असायला हवं, ‘हो, जरूर आणा.’ वय एकोणीस असो की पन्नास, आपल्या पसंतीचं एक माणूस सोबत असावंच. सोबत आलेल्या माणसालाही कामं असतात. निऱ्या नीट करणं, पर्स सांभाळणं, घाम टिपायला रुमाल देणं. मुख्य काम म्हणजे नजरेच्या टप्प्यात राहणं. कोपऱ्यात बसून मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या सोबतीचा उपयोग नाही.

बाहेरगावी किंवा आडबाजूला शूट असेल तर जायचं-यायचं वाहन आपलं ठेवा. ठिकाण आदल्या दिवशीच पक्कं करा. ऐन वेळी ‘तिथे गर्दी आहे, दुसरीकडे जाऊ’ असं निघालं तर आधी घरी फोन. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवता येतं, ते घरच्या एखाद्याला पाठवून ठेवा. पाण्याची बाटली आपली आपण न्या. आणि अंधार पडायच्या आत परत निघायचं, संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचं कितीही कौतुक असलं तरी.

तिसरा प्रश्न : कपडे कुठे बदलायचे?

हा प्रश्न आपण विचारतच नाही, आणि खरी अडचण नेमकी इथेच होते. किल्ल्यावर, तळ्याकाठी, शेतात शूट ठरतं. तिथे गेल्यावर कळतं की कपडे बदलायला जागाच नाही. मग गाडीत बदला, नाहीतर कुणाच्या तरी रूमवर चला. त्यापेक्षा घरूनच तयार होऊन निघावं. एकावर एक घालता येतील असे कपडे निवडावेत. पंजाबी ड्रेसवर वेगळी ओढणी किंवा जॅकेट घातलं तरी फोटोत फरक दिसतो.

स्टुडिओतल्या खोलीत बदलायचंच असेल तर आधी सोबतीला आत पाठवा. चार्जिंगला लावून ठेवलेला मोबाइल, विनाकारण भिंतीवर असलेलं घड्याळ किंवा डबी, फटी, आतून न लागणारी कडी, हे सगळं बघून घ्यायचं. आरशाला बोट लावून छुपा आरसा ओळखायची युक्ती मोबाइलवर फिरत असते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. ती खात्रीची नाही. मनात शंका आली की त्या खोलीत कपडे बदलायचेच नाहीत.

लग्नघरात तर आपण फारच बेसावध असतो. ‘नवरी तयार होतानाचे’ फोटो हल्ली प्रत्येक अल्बममध्ये लागतात आणि फोटोग्राफर कॅमेरा घेऊन थेट नवरीच्या खोलीत येतो. आधीच सांगून ठेवा, साडी पूर्ण नेसून झाल्याशिवाय कॅमेरा आत येणार नाही. बांगड्या, मेंदी, कुंकू यांचे हवे तेवढे फोटो नंतर काढता येतात. डोहाळजेवणाच्या फोटोतही पोट किती दाखवायचं, दाखवायचं की नाही, ते त्या बाईने ठरवायचं. फोटोग्राफरने नाही, आणि सासू-नणंदेनेही नाही.

आता हात लावण्याविषयी. पोज समजावताना अंगाला हात लावायची गरज नसते. चांगला फोटोग्राफर स्वतः उभा राहून दाखवतो, ‘हनुवटी थोडी वर, पदर डावीकडे घ्या’ असं तोंडाने सांगतो. केस सारखे करायचे असतील तर विचारतो, नाहीतर सोबतच्या बाईला सांगतो. कुणी न विचारता हात लावला तर पहिल्याच वेळी म्हणायचं, ‘तुम्ही सांगा, मी करते.’ एखादी पोज नको असेल तर ‘ही नको’, बस्स. कारण द्यायला आपण बांधील नाही. ‘बाकीच्या मुली देतात की’, ‘पुढे जायचंय ना तुला?’ असं सुरू झालं की शूट संपलं असं समजायचं. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू देत.

चौथा प्रश्न : फोटो पुढे कुठे जाणार?

माझं अडलं होतं ते इथे. मला इतक्या वर्षांनी कळलं ते तुम्ही आजच वाचा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये म्हटलं आहे, की कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक म्हणजे फोटो काढून घेणारी व्यक्ती! म्हणजे काचेतल्या त्या फोटोचा हक्क आमचा होता. आम्ही मात्र आठ दिवस विनवण्या करत होतो.

यात दोन गोष्टी नीट बघा. एक, ‘वेगळा करार नसेल तर’. फोटोग्राफरने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि त्यात ‘सर्व हक्क स्टुडिओचे’ असं असेल तर गोष्ट बदलते. दुसरं, ‘पैसे देऊन’. फुकटात काढलेल्या फोटोला हा नियम लागत नाही. म्हणून ‘फ्री शूट’ ऐकून हुरळून जाऊ नका. आपण पैशांनी नाही, तर फोटोच्या हक्काने किंमत मोजत असतो.

स्टॅम्प पेपर वगैरेची गरज नाही. दोन ओळींचा मेसेज पुरतो. ‘नमस्कार. रविवारी सकाळी ९ ते १२ फोटो काढायचे ठरले आहे. एकूण रक्कम इतकी, त्यातले इतके आगाऊ दिले. सोबत माझी बहीण असेल. मला विचारल्याशिवाय फोटो इन्स्टाग्रामवर, बॅनरवर किंवा दुकानात लावू नयेत. ठीक आहे ना?’ समोरून ‘हो’ आलं की झालं काम. हा मेसेज पुसायचा नाही.

आणखी एक गोष्ट. आपले फोटो एकट्या फोटोग्राफरकडे राहत नाहीत. अल्बमचं डिझाइन शहरातला दुसराच कुणी करतो, छपाई तिसरीकडे होते. त्यामुळे फोटो किती दिवस ठेवणार, कुणाकुणाकडे जाणार, हे विचारून घ्या. लिंक पाठवणार असतील तर ती सगळ्यांना उघडणारी नको, ठराविक लोकांनाच उघडेल अशी करून मागा. फोटो मिळाल्यावर बाकीचे पुसून टाका असं सांगा. ते खरंच पुसले की नाही याची खात्री मात्र कुणीच देऊ शकत नाही. म्हणून सगळ्यात पक्का नियम हाच, की जो फोटो बाहेर गेलेला चालणार नाही, तो काढूनच घ्यायचा नाही.

आणि तरीही काही घडलंच तर...

हे वाचून कुणी म्हणेल, ‘मग फोटोच नको बाई!’ नाही हो. गावातले बहुतेक फोटोग्राफर सरळ असतात, त्यांचं पोट त्यांच्या नावावर चालतं. शिवाय आता साध्या ओळखपत्राच्या फोटोवरूनही कॉम्प्युटरवर नको ते चित्र बनवता येतं. मग घरात बसलेली मुलगी तरी कुठे पूर्ण सुरक्षित आहे? म्हणूनच दोष फोटो काढून घेणारीचा नाही, त्याचा गैरवापर करणाऱ्याचा आहे. हे आधी आपल्याला पटायला हवं.

१९९२ साली अजमेरमध्ये शाळा-कॉलेजातल्या मुलींवर अत्याचार करून, फोटोंचा धाक दाखवून त्यांना गप्प बसवल्याचं प्रकरण उघडकीला आलं. १९९४ मध्ये आपल्या जळगावातही तसंच घडल्याचं बाहेर आलं. बदनामीच्या भीतीने अनेक जणी पुढे आल्याच नाहीत. अजमेरच्या खटल्यात सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. फोटो हातात असलेल्या माणसाचं खरं बळ त्या फोटोत नसतं. ‘ही घरी सांगणार नाही’ या त्याच्या खात्रीत असतं.

तेव्हा धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून मेसेज पुसू नका, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. विश्वासातल्या एका तरी माणसाला त्याच दिवशी सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. तातडीच्या मदतीला ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ आहेच. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तरही आता चालत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, झीरो एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. कपडे बदलताना चोरून फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं तुरुंगवास आणि दंड, पुन्हा केला तर तीन ते सात वर्षं. आणि असा खासगी फोटो बाईच्या संमतीने काढलेला असला, पण तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दाखवला किंवा पाठवला, तरीही हेच कलम लागतं. ‘तिनेच काढू दिला होता’ हे कारण सांगून सुटका नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायदा आहे.

पण हे सगळं पुढचं. पहिलं पोलीस ठाणं म्हणजे आपलं घर. मुलगी रडत आली तर ‘कशाला गेली होतीस तडफडायला?’ हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. ‘तू बरी आहेस ना? आता मी आहे’, एवढंच म्हणा. नाहीतर पुढच्या वेळी ती आपल्याकडे येणार नाही. धमकावणाऱ्याला तेच तर हवं असतं.

भाचीचं पुढे काय झालं, सांगते. मीच माझ्या ताईशी बोलले. थोडी कुरकुर झाली, पण मग आम्ही तिघी मिळून तालुक्यातल्याच एका नवरा-बायकोच्या स्टुडिओत गेलो. चार प्रश्न भाचीनेच विचारले. त्या वहिनी हसून म्हणाल्या, ‘बरं झालं विचारलंस. कुणी विचारतच नाही गं.’ पिवळ्या ड्रेसमधले तिचे फोटो इतके सुरेख आले की ताईसुद्धा दोनदा बघत बसली.

आठवड्याने वहिनींचा मेसेज आला, ‘तुझा एक फोटो आमच्या काचेत लावू का? नको असेल तर नको.’ भाचीने एक दिवस विचार केला आणि उत्तर पाठवलं, ‘चालेल. पण दारात उभी आहे तो लावा. आणि दिवाळीपर्यंतच.’

दिवाळीनंतर मी त्या रस्त्याने गेले होते. काचेत दुसऱ्याच मुलीचा फोटो होता.